उधारीची वही प्रोजेक्टमध्ये चालत नाही

प्रति,
वाणिज्य व व्यवस्थापन अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय : पदवीच्या फायनान्स स्पेशलायझेशनमध्ये काय शिकवलं जातं, याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी सहाव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टचा व्हायवा घ्यायला एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेले होते. बीबीए, फायनान्स स्पेशलायझेशन, बेचाळीस मुलंमुली. टेबलावर बेचाळीस हार्ड बाइंडिंगची बुकं रचून ठेवलेली, पाठीवर सोनेरी अक्षरं. आत सर्टिफिकेट, डिक्लरेशन, आईवडिलांपासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांचे आभार. जेवणाच्या सुट्टीनंतर एक मुलगी समोर येऊन बसली. विषय होता एका मोठ्या बँकेचं रेशो अॅनालिसिस. तिने बँकेचा पाच वर्षांचा करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, काढला होता, रंगीत बार चार्टसकट. खाली निष्कर्ष : ‘बँकेचा करंट रेशो २:१ या आदर्श प्रमाणापेक्षा कमी असल्याने बँकेची तरलता समाधानकारक नाही.’

मी विचारलं, बँकेच्या करंट अॅसेटमध्ये काय काय धरलंस? ती गप्प. पुढच्या पानावर इन्व्हेंटरी टर्नओव्हर रेशो होता आणि त्यापुढे ‘निरंक’ लिहिलं होतं. बँक काही साबण विकत नाही, तिच्याकडे गोडाऊन नसतं. लोकांच्या ठेवी ही तिची देणी आणि तिने दिलेली कर्जं ही तिची मालमत्ता. तिथे करंट रेशो काढणं म्हणजे माशाचा पळण्याचा वेग मोजणं. बँकेचं बघायचं तर भांडवल पर्याप्तता बघायची, थकीत कर्जं बघायची, ठेवींमध्ये करंट आणि सेव्हिंग खात्यांचा वाटा किती ते बघायचं. पण मुलीचा दोष नव्हता. अनुक्रमणिकेचा साचा तिला मिळाला होता, मागच्या तीन बॅचची बुकं तशीच होती आणि गाइडची सही झाली होती.

वातावरण सैल करावं म्हणून विचारलं, घरी काय असतं तुमच्याकडे?

“पप्पांचे आठ माग आहेत मॅडम. खर्चीवर.”

ज्यांना यंत्रमागाचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : खर्चीवाला म्हणजे ज्याचे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचं. तो कापड विणून देतो आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, दराने मजुरी घेतो. मी म्हटलं, मग मजुरीचे पैसे वेळेवर येतात का? आणि जी मुलगी आतापर्यंत पाठ केलेलं म्हणत होती, ती खुर्चीत पुढे सरकली. कुठला व्यापारी पंधरा दिवसांत देतो, कुठला दीड महिना लावतो, कोण दरवेळी डॅमेजच्या नावाखाली कापतो, सगळं तोंडपाठ. घरची वही तीच लिहिते, कारण पप्पांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नाही. “एक जण पिकाला रेट जास्त देतो मॅडम, पण तीन महिने लावतो. मीच पप्पांना सांगितलं, त्याचं काम चार मागांवर आणा. उरलेले चार रोख देणाऱ्याला.”

मी कर्ज विभागात अकरा वर्षं काढली आहेत. ग्राहकाची पत जोखणं, एकाच देणेकऱ्यावर किती विसंबायचं ते ठरवणं, जास्त दर आणि जास्त उशीर यांची तुलना करणं, हे सगळं त्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं होतं. विचारलं, अगं, मग हाच प्रोजेक्ट का नाही केलास?

“ते चालत नाही मॅडम. कंपनी लागते. लेटरहेडवर सर्टिफिकेट लागतं.”

हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

आता मी कोण ते सांगायला हवं. २००९ साली मी बीबीए झाले, फायनान्स घेऊन. फायनान्स का घेतलं? मार्केटिंगला फिरावं लागतं असं घरी वाटायचं, एचआरला ‘स्कोप नाही’ असं सीनियर म्हणायचे, राहिलं ते फायनान्स. आजही स्पेशलायझेशन निवडताना मुलं जवळपास हीच कारणं देतात, फक्त त्यात ‘पॅकेज’ हा शब्द वाढला आहे. पुढे इचलकरंजी भागातल्या एका बँकेत लागले. आता नोकरी सांभाळून आठवड्यातून दोन दिवस तासिका तत्त्वावर शिकवते. तासाचे पैसे किती आणि ते किती महिन्यांनी मिळतात, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. वर्किंग कॅपिटलचं, म्हणजे खेळत्या भांडवलाचं, उत्तम उदाहरण म्हणून मी तो वर्गात वापरते.

बँकेतल्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी एक फाइल पुढे सरकवली. स्वतः सूत घेऊन कापड विकणारा कारखानदार. “वर्षाला वीस लाख नफा दिसतोय. तरी दिवाळीच्या बोनसला पैसे नाहीत म्हणून कर्जाचं लिमिट वाढवून मागतोय. का, ते सांग.” मी तासभर बसून ग्रॉस प्रॉफिट रेशो, नेट प्रॉफिट रेशो, रिटर्न ऑन कॅपिटल एम्प्लॉइड काढले. सुवाच्य अक्षरात, फॉर्म्युला वर लिहून, उत्तर चौकटीत. साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, “नफा मोजलास. पैसा कुठाय?”

मग मला स्कूटरवर मागे बसवून थेट त्या कारखान्यात नेलं. मागांच्या खडखडाटात मालक काहीतरी सांगत होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मागच्या खोलीत छताला टेकतील एवढे तागे रचलेले होते. खालच्या थराला ओल लागलेली, त्यातला एक तागा मालकांनी पायाने जरा आत सरकवला, आम्हाला दिसू नये म्हणून. साहेबांनी ढिगाऱ्यावर हात ठेवला. “हा एक.” मग ऑफिसात येऊन टेबलावरची लाल बाइंडिंगची उधारीची वही उघडली. “आणि हा दुसरा. तुझे वीस लाख या दोन ठिकाणी बसलेत.”

तीन वर्षं फायनान्स शिकून मला हे ठाऊक नव्हतं. ऑपरेटिंग सायकलची, म्हणजे माल घेतल्यापासून पैसे हाती येईपर्यंतच्या दिवसांची, गणितं मी सोडवली होती, त्यात पैकीच्या पैकी मार्कही घेतले होते. पण त्या गणितात ‘आर. एम. होल्डिंग पीरियड’, म्हणजे कच्चा माल किती दिवस पडून राहतो तो आकडा, दिलेलाच असायचा. तो कुठून येतो, कोण ठरवतो आणि तो खोटा कसा असू शकतो, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्या फाइलचे आकडे आता आठवत नाहीत, पण वर्गात मी असं मांडते. रोजचा खर्च ५० हजार, म्हणजे वर्षाचा साधारण १ कोटी ८० लाख. विक्री २ कोटी, नफा २० लाख. सूत ७ दिवस पडून राहतं, विणायला १५ दिवस, तयार कापड १० दिवस गोडाऊनमध्ये, आणि व्यापारी ६० दिवसांनी पैसे देतो. झाले ९२ दिवस. सूतवाला २० दिवस थांबतो, ते वजा केले की ७२. रोजचे ५० हजार गुणिले ७२, म्हणजे ३६ लाख रुपये कायम धंद्यात अडकलेले. आता बाजार मंदावला आणि व्यापाऱ्याने ६० ऐवजी ९० दिवस लावले. मालकाने काही चूक केली नाही, विक्री कमी झाली नाही, नफाही तेवढाच. पण आणखी १५ लाख अडकले. वीस लाखांच्या नफ्यातले पंधरा लाख वहीत जाऊन बसले, मग बोनस कुठून देणार?

आणि हाच माणूस ‘ऑर्डर दुप्पट झाली’ म्हणून पेढे घेऊन आला, तर बँकेतल्या जुन्या माणसाच्या पोटात गोळा येतो. रोजचा खर्च १ लाख झाला की ७२ दिवसांचे ७२ लाख लागतात. वाढणारा धंदा पैशावाचून कसा बुडतो, हे आमच्या वर्गात मुलांनाही पटायला दोन तास लागतात. ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना दोन मिनिटांत पटतं.

आता पाठ्यपुस्तकातल्या २:१ कडे येते. हा आकडा आपण पिढ्यानपिढ्या ‘आदर्श’ म्हणून शिकवतो. बँकेच्या टेबलावर मात्र फिरतो तो १.३३. तो कुठून आला ते मला नोकरीत कळलं. १९७४ साली रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खेळत्या भांडवलाला बँकेने किती पैसा द्यावा, हा तिचा विषय. समितीने सुचवलेल्या दुसऱ्या पद्धतीत एकूण चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम मालकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून आणायची, उरलेल्या ७५ टक्क्यांत बँक आणि माल पुरवणाऱ्यांची उधारी. शंभराला पंच्याहत्तरने भागा, १.३३ आलं. कुणा पंडिताने ठरवलेला आदर्श नाही हा, ‘चार आण्यांचा माल तुझ्या पैशाने, बारा आण्यांचा आमच्या’ एवढाच सरळ व्यवहार. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पी. आर. नायक समितीने लहान उद्योगांसाठी आणखी सोपं केलं : अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळतं भांडवल म्हणून लागेल असं धरा, त्यातले २० टक्के बँकेने द्यावेत, ५ टक्के मालकाने. २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांचं चक्र. वरच्या आमच्या मालकाला या हिशोबाने ४० लाख मिळतील, १० लाख त्याने घालायचे. ९० दिवसांच्या उधारीला लागतात ५१ लाख. बघा, कसं अगदी काठावर येतं.

त्यात ड्रॉइंग पॉवर नावाची एक भानगड आहे. मंजूर लिमिट कितीही असो, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल आणि येणी यांच्या पत्रकावरून, जेवढी ताकद निघेल तेवढेच पैसे उचलता येतात, आणि त्यात सहसा ९० दिवसांच्या पलीकडची उधारी धरत नाहीत. म्हणजे व्यापाऱ्याने पैसे थकवले की मालकाला दुहेरी फटका : तिकडून पैसे आले नाहीत आणि इकडे बँकेची मर्यादाही खाली आली. या तालुक्यातला कुठलाही कारखानदार हे झोपेत सांगेल. फायनान्सच्या पदवीधराने मात्र ‘ड्रॉइंग पॉवर’ हा शब्दच ऐकलेला नसतो. मी गेल्या पाच वर्षांत मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला विचारला आहे.

तुमच्या अभ्यासक्रमात काय आहे? पोर्टफोलिओ मॅनेजमेंट आहे. मार्कोविट्झ (१९५२) आहे, शार्पचं कॅपिटल अॅसेट प्रायसिंग मॉडेल (१९६४) आहे. गैरसमज नको. ही मोठी माणसं आहेत, १९९० चं नोबेल त्यांना उगाच मिळालेलं नाही, आणि सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे गणिताने सिद्ध होताना बघण्यात खरोखर आनंद आहे. माझी तक्रार वेगळी आहे. परीक्षेत मुलं दोन शेअरचे पाच वर्षांचे परतावे घेऊन साध्या कॅल्क्युलेटरवर कोव्हेरियन्स काढतात, मग बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो तो आकडा, काढतात, १५ मार्क. चौथ्या दशांशस्थळी चुकलं तर अर्धा मार्क कापतात. पण हा बीटा ज्या कंपनीचा शेअर बाजारात आहे तिचाच निघतो. तुमच्या वर्गातल्या साठ मुलांपैकी किती जण आयुष्यात लिस्टेड कंपनीच्या भांडवल उभारणीच्या बैठकीत बसणार आहेत? शिरोलीच्या फाउंड्रीचा बीटा काय? नगरच्या दूध डेअरीचा? सांगलीच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजवाल्याची कॉस्ट ऑफ इक्विटी, म्हणजे मालकाच्या भांडवलाची किंमत, कशी काढायची? ज्याचं भांडवल म्हणजे बायकोचे दागिने, मेव्हण्याची उसनवारी आणि भिशीचा उचललेला नंबर, त्याच्यासाठी आपल्या पुस्तकात एक पानही नाही.

मोदिग्लियानी आणि मिलर यांचा १९५८ चा सिद्धांत आपण ‘भांडवल रचनेचा कंपनीच्या मूल्यावर परिणाम होत नाही’ असा एका ओळीत शिकवतो. त्या ओळीच्या आधीचं ‘कर नसेल, दिवाळखोरीचा खर्च नसेल, सगळ्यांना सारख्याच व्याजाने पैसा मिळत असेल तर’ हे गृहीतकांच्या यादीत पाठ करायला देतो. खरी शिकवण त्या ‘तर’मध्ये आहे. त्यातलं एकेक गृहीतक उचलून ‘आपल्या गावात हे लागू पडतं का?’ एवढं विचारलं तरी एक तास सोन्याचा होतो.

आयआरआरचंही, म्हणजे पैशावर खरा परतावा किती टक्के पडतो त्या दराचंही, तेच. अभ्यासक्रमात आयआरआर येतो तो मशिन ‘ए’ घ्यावं की मशिन ‘बी’ यासाठी. प्रश्नपत्रिकेच्या शेवटी प्रेझेंट व्हॅल्यूचा तक्ता छापलेला असतो, मुलं ट्रायल अँड एररने उत्तर काढतात, आणि तो आकडा आपल्या आयुष्यात पुन्हा कधी भेटेल असं त्यांना वाटत नाही. पार्किंगमध्ये त्यांच्याच गाड्या उभ्या असतात, बऱ्याचशा हप्त्यावर. मी एकदा वर्गात विचारलं, हप्ता किती टक्क्यांनी? “दहा टक्के फ्लॅट, मॅम.” फळ्यावर मांडलं : १ लाखाचं कर्ज, १२ महिने, १० टक्के फ्लॅट, म्हणजे एकूण १ लाख १० हजार, हप्ता ९,१६७. आता याचा आयआरआर काढा. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र अख्ख्या लाखावर. महिन्याला जवळपास दीड टक्का निघाला, म्हणजे वर्षाला १८ च्या आसपास. वर्ग एकदम शांत झाला. मग मागून एक जण हळूच म्हणाला, “म्हणजे आपल्याला गंडवलं.” गंडवलं नाही रे, सही तूच केलीस.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जाबरोबर की फॅक्ट्स स्टेटमेंट द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर छापलेला असतो. हा दर म्हणजे आपला आयआरआरच. तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात आता कागदावर पोचतो आहे. फायनान्स घेतलेल्या मुलीने तो आपल्या आईला समजावून सांगावा, एवढी माफक अपेक्षा मी ठेवते, आणि ती पूर्ण होत नाही.

ठेवींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. हे मुलांना माहीत असतं, स्पर्धा परीक्षेच्या जीके मधून. पण आमच्या पट्ट्यात घरटी एक पासबुक पतसंस्थेचं असतं, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही, तो बँकांपुरता आहे, हे टीवायच्या फायनान्सच्या वर्गात मी सांगितलं तेव्हा दोन मुलींनी घरी फोन लावायला बाहेर जायची परवानगी मागितली. ‘फायनान्शियल मार्केट्स अँड इन्स्टिट्यूशन्स’ नावाचा पेपर त्या आदल्याच वर्षी पास झाल्या होत्या. त्या पेपरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधी होता. पतसंस्था नव्हती.

आणि मागच्या बाकावर शेअर बाजारातल्या ऑप्शनचे सौदे चालू असतात. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी तर हजेरी पूर्ण आणि एकाचीही नजर फळ्यावर नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होती. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपलीच मुलं. आपण त्यांना डेरिव्हेटिव्ह्ज शिकवतो. कॉलचा पे-ऑफ, पुटचा पे-ऑफ, स्ट्रॅडल, बटरफ्लाय, आकृती नीट पट्टीने काढायची. नफातोट्याच्या त्या आकृतीत दलाली नसते, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स नसतो, मार्जिन कमी पडल्यावर येणारा मेसेज नसतो. माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षा फीचे पैसे घालवले आणि नंतर पेपरात ‘हेजिंग म्हणजे काय’ याचं आठ मार्कांचं सुरेख उत्तर लिहिलं. मीच तपासलं. सात दिले.

हे सगळं असं का झालं, याचा मला जो अंदाज आहे तो सांगते. गणित घातलं की पेपर तपासायला सोपा. उत्तर एकच, स्टेप मार्किंग ठरलेलं, पुनर्मूल्यांकनात वाद नाही. शिवाय वर्षानुवर्षं पूर्णवेळ जागा भरल्या नाहीत, तासिका तत्त्वावरचा शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात एसटीने पळतो, त्याने कारखान्यात मुलं कधी न्यायची? तो गाइड उघडतो आणि ‘प्रॉब्लेम नंबर चार घ्या’ म्हणतो. मी त्याला दोष देत नाही, मीही घाईच्या दिवशी तेच करते. वरून गेली दोन-तीन वर्षं आपण सगळे नावांच्या भांडणात आहोत. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, सीईटी आली, प्रवेश कमी होतील म्हणून काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून घेतलं. पाटी बदलली. आतला प्रॉब्लेम नंबर चार तोच.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मग पहिल्या बॅचची ट्रेनिंगची सर्टिफिकेटं बघितली. निम्मी एकाच कर सल्लागाराच्या लेटरहेडवर, एकाच फॉन्टमध्ये. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रोजेक्टच्या सॉफ्ट कॉप्या विषयवार फोल्डर करून ठेवलेल्या आहेत, ‘फायनान्स’च्या फोल्डरमध्ये सगळ्यात जास्त. नाव आणि वर्ष बदलायचे वेगळे पैसे घेत नाही, माणूस सज्जन आहे.

माझी मागणी एकच आहे, आणि तिच्यासाठी नवी इमारत किंवा नवं सॉफ्टवेअर लागत नाही. फायनान्स घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हा एका जित्या धंद्याच्या एका वर्षाच्या पैशाचा हिशोब असू द्या. बापाचे माग, मामाचं किराणा दुकान, गल्लीतली पिठाची गिरणी, बचत गटाचा पापड, शेजारच्या काकांचा जेसीबी. लेटरहेडची अट काढा. धंद्याचं नाव झाकायची परवानगी द्या, नाहीतर कुणी खरे आकडे देणार नाही. जीएसटीत एक, आयटी रिटर्नला दुसरा आणि बँकेला तिसरा आकडा दाखवणारी माणसं आहेत ही. ते तीन आकडे वेगळे का, हाच खरं तर प्रोजेक्टचा गाभा व्हायला हवा. पैसा कुठून आला, कुठे अडकला, किती दिवस अडकला आणि त्याचं व्याज कोणी भरलं, एवढं वीस पानांत लिहू द्या. हार्ड बाइंडिंग नको, स्टेपलर पुरे. व्हायवाला एक प्राध्यापक आणि एक कर्ज विभागातला माणूस किंवा सीए बसवा. लेखी पेपरात एक तरी प्रश्न असा घाला की ज्यात संपूर्ण ताळेबंद टिपांसकट दिलाय आणि विचारलंय : या माणसाला पाच लाख द्याल का? ‘हो’ला आणि ‘नाही’ला सारखेच मार्क, कारणांना वेगळे. तपासायला वेळ लागेल, हे मान्य.

मंडळातले काही जण म्हणतील की याने शिक्षण गावंढळ होईल, मुलांना जागतिक फायनान्स कळणार नाही. मला उलटं वाटतं. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात कलम ४३ बी (एच) आणलं : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजावटीला मिळेल. ४५ दिवसांची मर्यादा तशी २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यातलीच, पण करात अडकल्यावर तिला दात आले. कापड बाजारात त्यावर किती गोंधळ झाला, ऑर्डरी कशा फिरल्या, ‘आम्हाला उद्यमची (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी) नोंदणीच दाखवू नका’ असं व्यापारी कसे म्हणाले, हे त्या आठ मागवाल्या मुलीने मला वर्गाबाहेर उभं राहून सांगितलं. कायदा, कर, पतपुरवठा आणि बाजारातली ताकद या चारही गोष्टी एका वहीत गुंतलेल्या तिला दिसत होत्या. हे ज्याला दिसतं त्याला पुढे न्यूयॉर्कचा बाँड बाजारही कळेल. बँकेचा करंट रेशो काढणाऱ्याला दोन्ही कळणार नाहीत.

तिला मी त्या दिवशी किती मार्क दिले, असं तुम्ही विचाराल. साच्याप्रमाणे दिले, शंभरपैकी बासष्ट. बोललेल्याचे द्यायला रकाना नव्हता.

माझ्या ओळखीच्या सहा कारखानदारांशी आणि दोन दुकानदारांशी बोलून ठेवलं आहे. नावं झाकून मागच्या वर्षीच्या वह्या, स्टॉक स्टेटमेंटं आणि बँकेची खातेउताऱ्याची पानं द्यायला ते तयार आहेत. एकाची अट आहे की त्याच्या भावाला कळता कामा नये. तुमच्या पुढच्या बैठकीचा दिवस कळवलात तर झेरॉक्स घेऊन मी स्वतः येईन. तासिकेचे पैसे लावू नका. फक्त बैठक बुधवारी नको, त्या दिवशी आमच्याकडे कर्ज समिती असते.

आपली,
फायनान्सची एक माजी विद्यार्थिनी,
सध्या कर्ज विभाग आणि आठवड्याला चार तासिका